सुभेदाराची डावी बाजू

दादासो : …आन् वर तोंड करून सांगतीस, ‘काका, फ्लिप केला.’ फ्लिप! काय भजी हाय का ती, झाऱ्यानं उलटली आन् दुसऱ्या अंगानं तळली? बैल हाय त्यो, क्रांती! मानसिंग फौजीचा बैल!

क्रांती : बैल आहे हे मला कळतंय, काका.

दादासो : न्हाई कळत. कळलं आसतं तर सकाळी सातपासनं माझा फोन वाजला नसता. वडूजच्या भर चौकात दहा बाय आठचा बॅनर. ‘सुभेदार यांना चौथ्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ निम्मा तालुका टपरीवर चहा पीत बसलाय आन् म्हणतोय, ह्यो सुभेदार न्हवंच. ह्यो तिसराच कुठला तरी बैल हाय.

क्रांती : अहो, डावीकडं नेत्यांचा, जयराजदादांचा फोटो, उजवीकडं बैल. बैलाचं तोंड उजवीकडं, म्हणजे बॅनरच्या बाहेर. बघणाऱ्याची नजर त्याच्या मागोमाग बाहेर जाते, रचना फुटते. दोघांची तोंडं आत पाहिजेत. पहिल्या वर्षाला शिकवतात हे.

दादासो : रचना फुटती! आता माझं डोस्कं फुटंल, फौजी काठी घिऊन निघालाय. ते कंच्या वर्षाला शिकवत्यात?

क्रांती : ते शिकवलं नाही.

दादासो : मग चार वर्सं सांगलीला केलंस काय? बीएफए म्हणं! ह्या फ्लेक्सच्या दुकानात ठिवली तवा वाटलं, डिझायनिंग शिकल्याली पोरगी हाय, दुकानाचा दर्जा वाढंल. तर पहिल्याच दिवशी म्हणतीस, काका, जरा मोकळी जागा सोडूया, डोळ्याला विसावा मिळतो. विसावा! गिऱ्हाईक काय म्हणालं? ‘ती जागा मोकळी दिसतीया, तितं माझा मेव्हणा बसवा.’

क्रांती : बसवला ना मेव्हणा. तीन महिन्यांत तुम्ही म्हणाल ते बसवलंय. भावी सरपंचाचं पोट कापलं. टकलाला केस लावले, ते पण त्याच्या पुतण्याचे. मेलेल्या माणसाचे डोळे फोटोत मिटलेले होते, ते उघडून दिले, दुसऱ्या कुणाचे तरी आणून. कॉलेजात शिकलेली एकच गोष्ट इथं कामाला आली.

दादासो : कंची?

क्रांती : जुन्या इजिप्तमध्ये भिंतीवर राजा सगळ्यात मोठा काढायचे. सरदार त्याच्या निम्मे. नोकर गुडघ्याएवढे. मी परीक्षेत लिहिलं होतं, ही पद्धत हजारो वर्षांपूर्वी संपली. चुकलं माझं. मार्क कापायला पाहिजे होते.

दादासो : ही आसली जीभ मशीनवर चालत न्हाई, पोरी. मशीनवर माऊस चालतो. तू असं कर, उद्यापासनं येऊ नगंस. फौजीला सांगतो, पोरगी काढून टाकली. तेवढाच त्याचा राग इळभर गार व्हईल.

क्रांती : काका, सोमवारपर्यंत तरी थांबा.

दादासो : सोमवारी काय, मुहूर्त हाय?

क्रांती : शनिवारी राणीच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे. माझी धाकटी बहीण, बारावीला. तिला पण सांगलीला चित्रकलेलाच जायचंय. आप्पा म्हणालाय, थोरलीची डिग्री पोटाला लागली तर धाकटीला धाडीन. नाही तर नर्सिंगचा फॉर्म. तुमचं तीन महिन्यांचं ट्रायल उद्या संपतं. घरी सगळे तेवढंच विचारतात, टिकली का?

दादासो : मग घाला की नर्सिंगला! लय बेस लाईन हाय. उजव्या दंडात द्यायचं इंजेक्शन डाव्यात दिलं, तर कुणी चौकात बोंबलत न्हाई.

मानसिंग : दादासो! कुठं हाय त्यो तुझा आर्टिस्ट?

दादासो : या, या, फौजी, राम राम! बसा. पंखा लावू का?

मानसिंग : राम राम गेला चुलीत. ह्यो घे तुझा बॅनर, उतरवून आणलाय. पयलं मला त्यो माणूस दाखव, ज्यानं माझा बैल असा केला.

दादासो : माणूस कुठला, ही पोरगी हाय. शिकाऊ. आत्ताच काढून टाकली बगा.

मानसिंग : ही? काय गं, कुणाची तू?

क्रांती : अर्जुनाची. माण तालुक्यातली. मेंढरं आहेत आमची.

मानसिंग : मेंढरंवाल्याची पोरगी आन् जनावराचं उजवं-डावं कळंना? माझ्या सुभेदाराच्या उजव्या शिंगाचं टोक मोडलंय, पाटणच्या शर्यतीच्या मैदानात. पूरा इलाका जानता है. तू डावं मोडलंस. त्याच्या उजव्या खांद्यावर केसाचा भोवरा हाय. त्यो बघूनच मी त्याला वासरू आसताना घेतला. तू भोवरा नेऊन ठिवलास डाव्या खांद्यावर. डाव्या खांद्याचा भोवरा मालकाला खातो गं! म्हंजी चौकात दहा फुटी आक्षरात लिवल्यागत झालं की, मानसिंगच्या गोठ्यात खोडीचा बैल हाय.

क्रांती : चुकलं माझं, बापू.

मानसिंग : चुकलं म्हणून भागतंय व्हय? त्या पृथ्वीराजनं बैलगाडीवाल्यांच्या ग्रुपवर फोटू टाकला. ‘मानसिंगनं सुभेदार कवाच इकला, आता दुसराच बैल त्या नावानं पळवतोय.’ आन् खाली एकशे दहा अंगठे! मैदानाच्या कमिटीचा फोन आला, रविवारी बैलाची वळख पटवा, मगच नोंद. आरं, माझ्या बैलाची आयडेंटिटी? मी वीस वर्सं फौजंत काढली, मला कवा कुणी दोनदा पास मागितला न्हाई.

क्रांती : एक विचारू? तुम्ही हवालदार होऊन रिटायर झालात ना? मग बैल सुभेदार कसा?

मानसिंग : माझं प्रमोशन आडलं. त्येचं आडवायला कोण बसलाय?

दादासो : बास का, फौजी! आत्ता दोन मिनिटात काम. फोटू परत सुलटा करतो, नवा बॅनर मारतो, सांजच्याला चौकात. क्रांती, कर सुलटा.

क्रांती : करते. पण मग बैलाची पाठ जयराजदादांकडं येते.

दादासो : यिऊ दे की.

क्रांती : पाठ म्हणजे काका, शेपटाखालचं सगळं. दादांच्या नाकापासून चार बोटांवर.

दादासो : थांब, थांब. हात लावू नगंस.

मानसिंग : मग दादाला उचला आन् उजवीकडं टाका. बैल डावीकडं.

दादासो : तुमी फौजंत व्हता म्हणून असं बोलताय. डावीकडं वरती पयला मान नेत्याचा. त्यो हलवला की दुसऱ्या दिवशी कार्यकर्ते दुकानात. शिवाय रविवारचं मैदान त्येंनीच भरवलंय. बैलाच्या मागं हुबा केला, तर पुढच्या सालापासनं मैदान बी न्हाई आन् माझं दुकान बी न्हाई.

क्रांती : जयराजदादांची एवढी काळजी करू नका. त्यांचा फोटो मी दोन महिने उलटाच वापरतेय.

दादासो : गप्प!

मानसिंग : काय म्हणाली?

क्रांती : त्यांच्या वाढदिवसाला एका बॅनरसाठी उलटा केला होता, तीच फाईल पुढं चालू राहिली. डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर गेला, छातीवरचा खिसा पण. सगळ्या तालुक्यात चाळीस बॅनर लागले. एकाचा फोन आला नाही. दादांचा स्वतःचा पण नाही.

दादासो : आगं हळू बोल, भिंतीलाबी कान असत्यात! फौजी, ही काय बी बोलती, तुमी मनावर घिऊ नका.

मानसिंग : हॅ हॅ हॅ! आरं, बरोबर हाय की ते! बैलाला आमी रोज सकाळ-संध्याकाळ बघतो. दादा पाच वर्सातनं एकदा गावात येतोय, त्येच्या तिळाचा हिशेब कोण ठिवंल?

दादासो : हसू नका. काम तिथंच हाय. फौजी, बैलाचा डाव्या अंगाचा फोटू द्या, मी बसवतो.

मानसिंग : त्योच न्हाई की. डाव्या अंगाला त्यो कुणाला हुबं ऱ्हाऊ दीत न्हाई. जोडीचा बैल सोडून दुसरं कुणी तिकडं गेलं की लाथ. मला बी सोडत न्हाई. ह्या मोबाइलात चारशे फोटू हायत, चारशेच्या चारशे उजवीकडनं. आमच्या मंडळींचे, विजयमालाचे, लग्नापासनं आजपतोर चाळीस बी न्हाईत.

दादासो : मग एआय हाय की! आता कशाला आडतंय? ह्यो बगा, फोटू टाकला. ‘ह्या बैलाची डावी बाजू दाखव.’ बसा. ह्याच्यापुढं बीएफए बी नको आन् काय बी नको. आलं बगा, आलं!

मानसिंग : बघू. दादासो.

दादासो : काय?

मानसिंग : ही गाय हाय.

दादासो : कुठं?

मानसिंग : हितं. कास दिसती का तुला? चांगली बादलीभर दूध दील. माझ्या सुभेदाराला ह्या वयात धार काढायला बसवतोस व्हय?

क्रांती : मोबाइल इकडं द्या, बापू. मी काढते.

दादासो : काय काढतीस?

क्रांती : चित्र. हातानं. मशीनला फोटो उलटा करता येतो, वळवता येत नाही. मी पण आळस केला, उलटा करून मोकळी झाले. जनावर वळवायचं तर त्याच्या पलीकडं काय आहे ते माहीत असावं लागतं. चार वर्षं मी शनिवार-रविवार गुरांच्या बाजारात वही घेऊन बसले होते, काका. सर म्हणायचे, वर्गात मॉडेल आहे, इथं बस. मी म्हणायचे, ते मॉडेल हलत नाही.

दादासो : आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! आता हितं बसून चित्रकलेची परीक्षा द्या.

मानसिंग : गप रं. काढू दे तिला.

(क्रांती उतरवून आणलेला बॅनर फरशीवर पालथा घालते आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर जाड मार्करनं चित्र काढायला बसते.)

मानसिंग : वशिंड जरा मागं घे. आजून. हां.

क्रांती : मान एवढी वर धरतो?

मानसिंग : गाडीला जुपला की धरतो. घरी खाली आसती. घरातलाच काढ.

दादासो : फौजी, वाढदिवस हाय. जरा रुबाबात नको?

मानसिंग : तू चहा सांग. आन् ह्यो डोळा बघ, दादासो! ह्यो बघ! पेंड टाकायला उशीर झाला की माझ्याकडं असाच बघतोय, जसं काय मीच खाल्ली. पोरी, तू बघितलंस का माझा बैल कधी?

क्रांती : आज बघतेय. चारशे वेळा.

मानसिंग : मोडकं शिंग पल्याडलं. बरोबर. भोवरा कुठं गेला?

क्रांती : तो पलीकडच्या खांद्यावर आहे, इकडून दिसणार नाही. नाही दिसत ते मी काढत नाही.

मानसिंग : पटलं. पण ह्यो पुढचा उजवा पाय असा का? नुसता टेकवल्यावानी?

क्रांती : तो तसाच उभा राहतो, बापू.

मानसिंग : माझा बैल? आगं, चारी पाय रोवून हुबा ऱ्हातो त्यो. मी रोज बघतो.

दादासो : बगा! म्हणून म्हणत हुतो. नाचता येईना, अंगण वाकडं. आता बैलच लंगडा केला.

क्रांती : हे बघा. हा दिवाळीतला फोटो. चारी खूर सपाट. हा संक्रांतीचा. उजवा पाय जरा पुढं टाकलाय, बघा, भार मागं घेतलाय. आणि हा परवाचा, वाढदिवसासाठी तुम्ही झूल घालून काढलेला. ह्यात खुराचं नुसतं टोक टेकलंय. आमच्या मेंढरात कुणी असं उभं राहिलं, की आप्पा जेवण सोडून उठतो आणि खूर बघतो.

मानसिंग : आण हिकडं.

क्रांती : आतून दुखत असेल. वर काही दिसत नसेल.

मानसिंग : दिवाळी. संक्रांत. ह्यो… ह्यो बी. ह्यो बी तसाच. आरं द्येवा.

दादासो : आवं, फोटूत तसं वाटतंय. थंडीनं आखडला आसंल.

मानसिंग : चारशे फोटू मीच काढल्यात रं, दादासो. ह्या हातानं. सगळ्यास्नी दाखवत फिरलो. एकाला दिसलं न्हाई. मला दिसलं न्हाई!

क्रांती : फोटो मोबाइल काढतो, बापू. आपण बटण दाबतो. हे काढायचं तर एकेक पाय बघावा लागतो, म्हणून दिसलं. एवढंच.

मानसिंग : रविवारी मी त्याला पळवणार हुतो. आन् मुक्या जनावरानं पळून बी दाखवलं आसतं. तीन पायावर.

क्रांती : नका पळवू.

मानसिंग : न्हाई पळवला तर त्यो पृथ्वीराज काय म्हणंल? खोटा बैल हुता, कमिटीला भ्याला, आला न्हाई.

क्रांती : म्हणू दे.

मानसिंग : तुला सोपं हाय म्हणायला. मला त्या टपरीवर रोज चहा प्यायचाय. …दादासो, जनावराच्या डॉक्टरचा नंबर हाय का तुझ्याकडं?

दादासो : हाय की. त्यांच्या पोराच्या बारशाचा बॅनर आपणच केला. क्रांती, तवर त्यो पाय तेवढा सपाट कर. शुभेच्छांच्या बॅनरवर लंगडा बैल बरा दिसत न्हाई.

मानसिंग : खबरदार! पायाला हात लावायचा न्हाई. हाय तसाच लागू दे चौकात. बैलवाली माणसं हायत तितं, पाय बघून त्यांचं त्यांस्नी कळंल मानसिंग रविवारी का आला न्हाई.

दादासो : आन् झूल? हार? काय तरी सोनेरी टाकू की मागं.

मानसिंग : जयराजदादाच्या मागं टाक. पोरी, बैल जवळनं बघायला ये एकदा. डाव्या अंगाला जाऊ नगंस. आन् दादासो, ही पोरगी दुकानात ऱ्हाईल. हुकूम समज. निघतो मी, त्यो उभा आसंल तितं, त्या पायावर.

दादासो : …गेला. चहा बी न घेता. बघितलंस का, क्रांती? फौजीला रडायला आल्तं.

क्रांती : बघितलं.

दादासो : मी काय म्हणतो. ह्यात धंदा हाय. खटाव, माण, खानापूर, पार आटपाडीपतोर किती बैलवाले? आन् हरेकाला वाटतंय, आपल्या बैलाचा रुबाब फोटूत येत न्हाई. ‘आमच्याकडे बैलांची हातानं काढलेली चित्रं मिळतील.’ बोर्डच लावतो भायेर. मी पयल्यापासनं म्हणत हुतो, पोरगीच्या हातात काय तरी हाय.

क्रांती : पहिल्यापासून?

दादासो : बरं, दुपारपासनं. उद्या येळंवर ये. कायम झालीस तू.

क्रांती : मग एवढ्यावर कोपऱ्यात सही करते. दोन बोटांची.

दादासो : सही नको.

क्रांती : का?

दादासो : सही बघितली की माणसं तुझं नाव हुडकत थेट घरी येत्याल. मग माझ्या दुकानाचं काय काम? खाली दुकानाचं नाव आन् मोबाइल नंबर जाईल. तुला लय वाटत आसंल तर शुभेच्छुकांत एक गोल मोकळा हाय, बत्तिसावा. एक माणूस रुसून गेलाय. त्यात तुझा फोटू टाक.

क्रांती : मला शुभेच्छा नाही द्यायच्या, काका. मी काढलंय ते.

दादासो : ऐक. मशीन घ्यायच्या आधी मी वीस वर्सं हातानं पाट्या रंगवल्या. ह्या गावात एक दुकान नसंल, ज्याची पाटी माझ्या हातची न्हवती. खाली कोपऱ्यात बारीक लिवायचो, ‘दादासो’. लय झ्याक वळणदार. फ्लेक्स आला आन् एका सालात सगळ्या पाट्या उतरल्या. भंगारवाल्यानं नाव वाचून कमी-जास्त भाव केला न्हाई. म्हणून सांगतो. पोटाचं बघ, सहीचं काय घेऊन बसलीस?

क्रांती : तुम्ही एक तरी पाटी ठेवलीय का, काका?

दादासो : …हाय एक. माळ्यावर. तिचं काय? चल, बैलाचा फोटू मार आन् मशीनवर घे. आन् त्या पोलीस पाटलाच्या बॅनरचं आडलंय. त्याची हनुवटी दुहेरी हाय, एकच ठिव.

क्रांती : घेते. एक मिनिट, घरचा फोन आहे. …बोल, राणे. …व्हय, झालं. न्हाई गं, वरडले न्हाईत. म्हंजी वरडले, पण कायम केलं. आप्पा हाय का जवळ? …हां, त्याला सांग, टिकली. डिग्री लागली म्हणावं पोटाला. आन् तू आजच बसून सांगलीचा फॉर्म भर, शनिवारची वाट बघू नगंस. …काम? बैल काढला. हातानं. आगं खरंच! चौकात लागणार हाय, दहा बाय आठ. …न्हाई, नाव न्हाई माझं त्यावर. …असंच. न्हाई म्हणाले. …राणे, ऐकतीस न्हवं? रडाय काय झालं? फॉर्म भर. आप्पाला एवढंच सांग, टिकली. तुला काय सांगायचं ते मी घरी आल्यावर सांगती.